पांढरीखालचीं घरें : प्राचीन वास्तुकलेचें मोल कसें करावें

प्राचीन भारतीय लोकांच्या वास्तुकलेचा विषय निघाला कीं कार्लें, भाजें, वेरूळ हीं नांवें प्रथम जिभेवर येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ह्या गौरवांत एक गृहीत दडलेलें असतें. जें दगडांत टिकलें तेवढीच वास्तुकला. मातीनें व कुडानें जें उभें राहिलें तो नुसता निवारा, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत टिकते हें पाहण्यास शिरूर तालुक्यासारखें ठिकाण क्वचितच मिळेल. निमोणें ज्या तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांत, घोड नदीच्या उजव्या तीरावर, इनामगांव आहे. तेथील टेकाडांचें उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत केलें. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी ह्यांचा वृत्तान्त १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. अजमासें इ. स. पूर्व १६०० ते ७०० ह्या नऊ शतकांतील शंभरांहून अधिक घरें तेथें उजेडांत आलीं. त्यांत घडीव दगडाचा एक चिराहि नाहीं.

प्रथम ह्या मताच्या पूर्वपीठिकेकडे पाहूं. जेम्स फर्ग्युसन ह्यानें १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत भारतीय पाषाणवास्तूंचा आरंभ अशोकाच्या काळापासून धरला आणि तत्पूर्वीची वास्तुकला लांकडाची होती असें प्रतिपादिलें. राजेंद्रलाल मित्र ह्यांनीं त्यास विरोध केला, व तो वाद पुढें बराच कडवट झाला. आज त्या वादाकडे पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. दोन्ही पक्षांनीं दगड हेंच प्रतिष्ठेचें माप मानलें होतें. एकानें त्या मापानें प्राचीनता कमी केली, दुसऱ्यानें वाढविली. मापच बरोबर आहे काय, हा प्रश्न बाजूस राहिला.

ह्या प्रश्नाचें उत्तर लेण्यांतच मिळतें. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब आहे. त्याच्या छतास बसविलेल्या लांकडी कमानी अद्यापि जागेवर आहेत. एकसंध खडकांत कोरलेल्या छतास कमानींचा आधार लागत नाहीं. त्या तेथें आहेत त्या संवयीमुळें. भाज्यास खांब आंत कललेले आहेत, जणू छपराचा रेटा त्यांना सोसावयाचा आहे. कार्ल्याच्या एका लेखांत तर द्वार करणारा धेनुकाकटाचा सामि, वेणुवासाचा पुत्र, आपणांस ‘वढकी’, म्हणजे सुतार, म्हणवितो. खडकांतील दाराच्या लेखांत सुताराचें नांव यावें, यावरून त्या कलेचें माहेर कोणतें हें उघड होतें. म्हणजे ज्या पाषाणवास्तूंची आपण थोरवी गातों, त्याच आपल्या आधीच्या नष्ट वास्तूंची साक्ष देत आहेत. इनामगांव ही त्या हरवलेल्या प्रकरणांची एक प्रत होय. इनामगांवकरांचे वंशज लेण्यांचे शिल्पी झाले असें येथें म्हणावयाचें नाहीं. मधला काळ फार मोठा आहे. म्हणावयाचें इतकेंच कीं दोहोंस एकच न्याय लावावा.

तो न्याय लावून इनामगांवचीं घरें वाचूं लागलें म्हणजे त्यांतील विचार दिसूं लागतो. आरंभींचीं बरींच घरें लांबट चौकोनी व ऐसपैस. मातीची ठेंगणी भिंत, तीवर कूड, वर गवताचें छप्पर. मेढींचे खळगे आजहि त्यांची साक्ष देतात. आंत आडभिंत, चूल, चोपून केलेली जमीन. धान्यासाठीं जमिनींत पेव आणि कणगी ठेवण्यास मातीचे गोल ओटे. पुढील जोर्वे काळांत घरें साधारण ओळीनें असून मधें बोळ सोडलेले आहेत. नदीचें पुराचें पाणी वळविण्यासाठीं पाट व बांधहि होता. पेव, कणगी, बोळ, पाट हे शब्द आपल्या दप्तरांतून आपणांस परिचित आहेत. वस्तु मात्र त्या दप्तरांहून अडीच हजार वर्षांनीं जुन्या आहेत. घर, कोठार व पाणी ह्यांची जेथें एकत्र योजना आहे तेथें वास्तुविद्या नाहीं, असें कोण म्हणेल ?

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास मात्र पालट होतो. चौकोनी घरें मागें पडून लहान गोल झोंपड्यांचे पुंजके दिसूं लागतात. ह्यास कोणी वास्तुकलेचा ऱ्हास म्हणेल. परंतु खापरांच्या परंपरेवरून लोक तेच होते हें दिसतें. चौकोनी घर बांधण्याची विद्या ते विसरले असें मानण्यास आधार नाहीं. ढवळीकरांनीं ह्याचें कारण वाढत्या अवर्षणांत व शेतीच्या पीछेहाटींत शोधलें आहे. शेती रोडावली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. तेव्हां लौकर उभारतां येणारें व सोडून जातांना जीव न गुंतणारें घर हेंच शहाणपणाचें घर होय. ज्यास आपण ऱ्हास म्हणतों तो दुष्काळास दिलेला जबाब असूं शकतो. शिरूर-दौंडच्या कोरडवाहू भागांत राहणाऱ्यांस हें समजावून सांगावयास नको.

एका बाबतींत मात्र सावधगिरी हवी. वस्तीच्या मध्यभागीं पांच खोल्यांचें एक घर आहे; जवळच कोठार. त्याच्या अंगणांत चार पायांच्या मोठ्या रांजणांत मांडी घालून बसविलेला एक पुरुष पुरलेला मिळाला. ह्यावरून तें मुखियाचें घर ठरविण्यांत आलें. खोल्या, कोठार आणि रांजण ही संहिता. ‘मुखिया’ ही टीका. टीका समर्पक आहे, परंतु संहिता व टीका एकाच शाईनें लिहूं नयेत, हा हस्तलिखितांचा नियम मातीसहि लागू आहे.

आतां मुख्य मुद्दा. जुन्या कागदांत गांवाचीं दोन अंगें येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. राख, शेण, चुना व पडक्या भिंती मुरून वस्तीची माती पांढुरकी होते. ओसाड पांढरीची तीच माती धाब्यावर घालण्यास व शेतांत टाकण्यास उपयोगी पडते, म्हणून गांवोगांवचीं टेकाडें खणून नेलीं जातात. लेण्याचा एक खांब कोणी फोडला तर आपण गहजब करूं. पांढरीची गाडी भरून जाते तेव्हां चूल, मेढींचे खळगे व सारवलेली जमीन नाहींशी होते, आणि कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. शास्त्रशुद्ध उत्खननहि वाचतां वाचतां पानें नाहींशीं करणारें वाचन आहे. परंतु तेथें निदान नक्कल मागें राहते. फावड्याची नक्कल कोठें मिळत नाहीं.

दगडाच्या मोठेपणाचें माप हें केवळ मताचें दूषण नाहीं, हें यावरून कळून येईल. जें आपण वास्तु मानीत नाहीं तें राखीतहि नाहीं. आपण कागद शोधीत गांवोगांव हिंडतों, वाळवी लागलेला रुमाल सोडून त्यांतील एकेक बंद जपतों. त्याच फेरींत गांवची जुनी पांढरी कोठें आहे, टेकाडाची कोणती बाजू खणली गेली आहे, कापलेल्या कडेस राखेचे व सारवणाचे थर दिसतात काय, एवढें टांचण करणें कठीण नाहीं. घोडनदीच्या कांठीं दप्तर नसलेलें गांव एखादें असेल. पांढरी नसलेलें गांव मिळणें कठीण.