उलथलेलं काळीज : होशेय वाचताना

'करार' हा शब्द आपण फार सहज वापरतो. अ‍ॅप उघडताना न वाचता 'मान्य आहे' दाबतो, तोही करारच. आमच्या दिघोरीकडे धानाची बांधी बटईने दिली की हंगामाचा करार होतो. पटलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस. माझ्या कामात तर सर्व्हर किती वेळ बंद पडला की किती दंड, हेही आधीच लिहिलेलं असतं. मराठी बायबलच्या पहिल्या भागाचं नावच 'जुना करार'. त्यामुळे प्राचीन इस्राएल आणि त्याचा देव यांचं नातंही आपण तसंच वाचतो: अट मोडली, शिक्षा झाली, माफी मागितली, विषय संपला. होशेयच्या पुस्तकात हे गणित बसत नाही.

होशेय हा इ.स.पू. आठव्या शतकातला, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातला संदेष्टा. पुस्तक 14 अध्यायांचं. देवाच्या सांगण्यावरून तो गोमरशी लग्न करतो. तिची बेइमानी म्हणजे इतर दैवतांमागे गेलेल्या इस्राएलची बेइमानी, असं हे रूपक आहे. मुलांची नावंही निकालपत्रासारखी. मुलगी लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया होणार नाही. मुलगा लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हेत. दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस हीच नावं उलटी फिरवली जातात.

पण हा दुसरा अध्याय वाचताना आज अस्वस्थ व्हायला होतं, आणि व्हायलाच हवं. बायकोला उघडं करण्याची, कोंडण्याची धमकी आणि त्यानंतर लगेच गोड बोलणं. गोमर स्वतः एक शब्द बोलत नाही. बायकोची म्हणून जी वाक्यं येतात, ती नवऱ्याच्याच तोंडून. अशा नवऱ्याच्या दयेवर विश्वास कसा ठेवायचा? अनेक स्त्रीवादी अभ्यासकांनी हा प्रश्न विचारला आहे, आणि 'जुना काळ होता' म्हणून तो टाळता येत नाही.

माझ्या वाचनात याचं निम्मं उत्तर अकराव्या अध्यायात मिळतं. तिथे रूपक बदलतं. देव आता नवरा नाही, मुलाला चालायला शिकवणारा पालक आहे. मुलगा हट्टी निघाला आहे, आणि मोशेच्या नियमशास्त्रात बंडखोर मुलाला दगडमाराची शिक्षा आहे. कायदा स्पष्ट असूनही पालकाच्या तोंडून निकाल निघत नाही. इथलं हिब्रू क्रियापद 'हाफाख' म्हणजे उलथणं. सदोम नगराच्या नाशासाठी उत्पत्तीच्या पुस्तकात हेच क्रियापद येतं. इथे मात्र नगर उलथत नाही, देवाचं काळीज उलथतं. पुढे तो सांगतो की आपण 'ईश' नाही. 'ईश' म्हणजे माणूस, आणि नवराही. दुसऱ्या अध्यायातल्या संतापलेल्या नवऱ्याला हे पुस्तक स्वतःच इथे मागे टाकतं, असं मला वाटतं. गोमर मात्र गप्पच राहते, म्हणून उत्तर निम्मंच.

ही दया स्वस्तही नाही. इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकलं आणि ते राज्य संपलं. शिक्षा टळली नाही. मात्र पुस्तकाचा शेवट त्या शिक्षेवर होत नाही. शेवटचा अध्याय परत येण्याची हाक आहे. जगभरच्या सिनेगॉगमध्ये योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासाआधीच्या शनिवारी तोच वाचला जातो.

त्या उपासाला मराठी नावही आहे. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते. हिब्रू पोथ्या जवळ नव्हत्या. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. तरी वर्षातून एक दिवस ते उपास धरून, दारं लावून घरात बसत. तो 'दारफळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दानधर्म आणि भेटीगाठी.

होशेय हाताशी नसतानाही त्यांनी न्यायाचा दिवस आणि त्यानंतरचा उघड्या दाराचा दिवस, दोन्ही जपले. माझ्या ऑफिसच्या भाषेत, कागद हरवलेला करार केव्हाच रद्द झाला असता. होशेय ज्याबद्दल बोलतो, त्याला 'करार' हा शब्द कुठे अपुरा पडतो, ते मला या दोन दिवसांत दिसतं.