पोत्यावरची मूलद्रव्ये

वैज्ञानिक परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा कोश समोर ठेवून होते. मी ती खताचे पोते समोर ठेवून करणार आहे. १०:२६:२६ असे तीन आकडे त्या पोत्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. आमच्या भागात त्यांचे वाचन नत्र, स्फुरद, पालाश असे होते. हे तीन शब्द मी शाळेत शिकलो नाही. उसाच्या सरीत वडिलांच्या मागे घमेले घेऊन चालताना ते कानावर पडले. शाळेच्या पुस्तकात फॉस्फरस होता, अकरावीला तोच इंग्रजीतून आला. स्फुरद आणि फॉस्फरस एकच, हे मला कुणी सांगितले नाही आणि माझ्याही डोक्यात ते आले नाही. बारावीला रसायनशास्त्रातच नापास झालो. पुढचे शिक्षण तालुक्याच्या ग्रंथालयात आणि एका कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर झाले. ही कैफियत नव्हे. टीका करणारा कुठे उभा आहे हे वाचकाला ठाऊक असावे, म्हणून सांगितले.

कवितेतला शब्द आपण पारखतो, तसा मूलद्रव्याचा शब्दही पारखता येतो. स्फुरद घ्या. १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोन्याच्या शोधात मूत्र आटवत बसला आणि त्याच्या हाती अंधारात उजळणारा पदार्थ लागला. ‘प्रकाश वाहून आणणारा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव त्याला मिळाले. मराठी शब्द करणाऱ्याने ‘स्फुर्’ हा धातू निवडला. त्यात थरथरणेही आहे आणि चमकणेही. शिवाय मूळ नावातला ‘फ’ जागेवर राहिला. पालाश तर याहून सरस. पोटॅश म्हणजे मुळात लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून मिळणारा क्षार. आयुर्वेदात क्षारासाठी पळसाची राख पूर्वीपासून वापरात आहे. म्हणजे नाद पोटॅशचा, अर्थ आपल्या पळसाचा. श्लेष म्हणावा तर असा.

नत्र मात्र सामान्य शब्द. नायट्रोजनच्या नादाशी जमवून घेतलेला. मराठी कानाला त्यातून अर्थ काही लागत नाही. पण तिघांत सर्वाधिक वापर त्याचाच. शब्दाची घडण आणि शब्दाचे आयुष्य यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, अशी शंका मला प्रथम इथे आली.

प्राणवायूने ती पक्की केली. लाव्हाझिएने ऑक्सिजन हे नाव ‘आम्ल करणारा’ अशा अर्थाने दिले, आणि ते चुकीच्या समजुतीवर उभे होते. मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतोच, हे डेव्हीने १८१०च्या सुमारास दाखवून दिले. त्या मानाने आपला प्राणवायू खरे बोलतो. पण हा शब्द आधीच दुसऱ्याच्या मालकीचा होता. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचांतला तो पहिला. शिवाय संयुगांची नावे करायची वेळ आली की तो अडखळतो. कर्बद्विप्राणिल म्हणता म्हणताच दम लागतो, आणि लोखंडाच्या गंजात कुठला आला प्राण? २०२१च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत प्राणवायू होता. सिलिंडरच्या रांगेत मीही उभा होतो. तिथे प्रत्येकाच्या तोंडी ऑक्सिजन होता. प्राण कंठाशी आलेले असताना माणसांनी परका शब्द निवडला, कारण नळीवर, मीटरवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तोच होता.

डॉ. रघुवीरांनी नागपुरात बसून याहून मोठा घाट घातला होता. ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार. त्यांची टिंगल करणे सोपे आहे, आणि ती भरपूर झाली. मला त्यांची शिस्त आवडते : एक धातू, ठरलेले प्रत्यय, मग शेकडो संयुगांची नावे आपोआप. पण हे शब्द ज्याला रोज लागतील असा माणूस त्या योजनेत दिसत नाही. १९६१ साली केंद्रात वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग आला आणि मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे तत्त्व रूढ झाले. ते योग्यच झाले. देशी शब्दांनीही प्रांताप्रांतांत एकवाक्यता आली नव्हतीच. मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदी परमाणु म्हणते ते, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. सीमेवरच्या शाळेतल्या मुलाने काय करावे?

एवढे झाल्यावर देशी शब्द संपले असतील असे वाटेल. माती परीक्षणाचा मराठी अहवाल उघडून पाहा. त्यात ‘सेंद्रिय कर्ब’ आहे. पाठ्यपुस्तकातून गेलेला कर्ब इथे सुखरूप आहे. पुढे लोह, जस्त, तांबे, गंधक; आणि त्याच रांगेत बोरॉन, मॉलिब्डेनम. कोणी कोणाला परका म्हणत नाही. आमच्या गल्ल्यावरची आणखी एक गंमत : पोते मागताना शेतकरी ‘पोटॅश द्या’ म्हणतो, आणि पिकाबद्दल बोलताना ‘पालाश कमी पडलंय’ म्हणतो. खरेदीचा शब्द एक, विचाराचा दुसरा. मराठीत विज्ञानाचा विचार होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य ऐकायला यावे.

तरी या जिवंत शब्दांवरही टीका करायला हवी. १०:२६:२६ मधले पहिले २६ म्हणजे स्फुरद शेकडा २६, असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो; निव्वळ फॉस्फरस सुमारे ११.३ टक्केच. पालाशचा आकडा तसाच पोटॅशियम ऑक्साइडचा, निव्वळ पोटॅशियम सुमारे २१.६. जुन्या पृथक्करणपद्धतीची ही रूढी जगभर चालू आहे, त्यात फसवणूक नाही. पण याचा अर्थ असा की कोशातला स्फुरद आणि पोत्यावरचा स्फुरद हे एक पदार्थ नाहीत. पन्नास किलोच्या पोत्यात एकाच्या हिशेबाने तेरा किलो, दुसऱ्याच्या हिशेबाने पावणेसहाला थोडे कमी. मी शोधलेल्या एकाही मराठी कोशात ही नोंद मला सापडली नाही. शुद्धलेखनावर भांडणाऱ्यांना हा सात किलोंचा फरक दिसू नये, याचे मला नवल वाटते.

माझ्या स्वतःच्या आंधळेपणाचे उदाहरण देतो. दहावीला लोखंडी खिळा कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात बुडवायचा प्रयोग होता. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिका होतो. उत्तर : विस्थापन अभिक्रिया. मी पाठ केले, गुण मिळवले. त्याच पावसाळ्यात मामांच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करायला गेलो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही पदार्थ प्लॅस्टिकच्या पिंपांत वेगवेगळे विरघळवून एकत्र केले की मामा विळा घेऊन त्यात बुडवत. पाते तांबूस झाले तर म्हणत, ‘‘अजून चुना लागतोय, नाहीतर पानं जाळंल.’’ मोरचुदातले तांबे मोकळे राहिले होते. ते विळ्यावर बसत होते आणि विळ्याचे लोखंड द्रावणात उतरून हिराकस होत होते. तीच अभिक्रिया, तेच निळे पाणी. मी शेजारी उभा होतो. मला खिळा आठवला नाही.

मामा चौथी शिकलेले. त्यांना अभिक्रिया हा शब्द माहीत नव्हता, मला मोरचूद म्हणजे काय ते माहीत नव्हते, आणि आम्ही दोघे एकाच पिंपात वाकून पाहत होतो.

गेल्या छाटणीनंतर त्यांचा नातू दुकानात मोरचूद घ्यायला आला होता. अकरावी सायन्स, इंग्रजी माध्यम. बिलाच्या पाठीमागे मी मोरचूद लिहिले, त्याच्यापुढे त्याचे रासायनिक सूत्र, पाण्याच्या पाच रेणूंसकट. त्याने ते वाचले, पिशवीतल्या निळ्या खड्यांकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काका, मग आजोबा विळा कशाला बुडवायचे?’’

दुकानात गर्दी होती. मी त्याला स्टूल दिले.