रेघ कोणाची?

आता अमेरिकन कलावंत ट्रेव्हर पॅग्लेन यांच्या 'द अदर नाइट स्काय' या छायाचित्रमालेकडे वळू. ताऱ्यांमधून गेलेली फिकट रेघ. ती रेघ म्हणजे अमेरिकेचा गुप्त उपग्रह. चित्रं देखणी आहेत, वादच नाही. आमची तक्रार वेगळी आहे.

रेघ कुठे, केव्हा उमटेल हे पॅग्लेन यांना हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून कळतं. ते स्वतः तसं सांगतातही. पण योसेमिटीतल्या ग्लेशियर पॉइंटवरून टिपलेल्या चित्राच्या शीर्षकात 'यूएसए १८६' हा उपग्रह येतो, निरीक्षक येत नाही. पाहणाऱ्याच्या मनात उरतं ते गूढ.

निरीक्षकाचं काम नेमकं उलटं. संध्याकाळी जमिनीवर अंधार पडतो, उपग्रहावर मात्र अजून ऊन असतं. दुर्बिणीत तो ठिपका दोन ओळखीच्या ताऱ्यांच्या मधून गेला, की स्टॉपवॉच दाबायचं. अशा नोंदी जमल्या की कक्षा मांडता येते, पुढची वेळ सांगता येते. उपग्रहाने कक्षा बदलली, तर भाकीत चुकतं. मग पुन्हा शोध.

ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इराणच्या प्रक्षेपण-तळाचं छायाचित्र ट्वीट केलं. हौशी मंडळींनी सावल्यांवरून वेळ काढली, कोन ताडला आणि उपग्रह ओळखला: यूएसए २२४. कारण त्याची कक्षा त्यांच्या वहीत आधीच होती.

सरकारला कागद दडवता येतो, ऊन दडवणं कठीण. पॅग्लेन आपल्याला दिपवतात. तो स्टॉपवॉचवाला आपल्याला मोजायला शिकवतो. आम्हाला चित्रात तो हवा होता.