कातामधली झटापट कुठे गेली?

सांघिक काताच्या पदकलढतींमधली बुंकाई पाहून कराटेप्रेमी माणसाने चिडावं, अशी वेळ आली आहे. तिघे खेळाडू ‘उन्सू’ किंवा ‘आनान’ हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, अप्रतिम करतात. मग त्याच तंत्रांचा माणसावर होणारा वापर, म्हणजे बुंकाई, दाखवायची वेळ येते आणि एक जण उडी मारून दुसऱ्याच्या कमरेला पायांची कात्री घालतो, तिसरा हवेत गिरकी घेऊन आदळतो. प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. मूळ कातामध्ये ही कात्री नसतेच. काता आणि बुंकाई मिळून पाच मिनिटं, आणि कोणता हल्ला कधी येणार हे तिघांनाही तोंडपाठ.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्या रियो कियुनाने कातामध्ये सुवर्ण जिंकलं. त्याच्या हालचालींच्या धारेबद्दल वाद नाही, पण वैयक्तिक प्रकारात बुंकाई नसते. ऑलिंपिकने अर्थ विचारलाच नाही.

कराटेच्या वर्गांमधली बुंकाईही याहून बरी म्हणवत नाही. समोरचा एक लांब पाऊल टाकून ठोसा मारतो आणि हात तसाच पुढे ठेवून थांबतो; मग त्याच्यावर तीन-चार तंत्रं होतात. गेदान बराई, ही हात खाली झाडण्याची हालचाल, म्हणजे लाथ अडवणं, असं पहिल्या पट्ट्यापासून शिकवलं जातं. वेगाने आलेल्या नडगीवर मनगटाजवळचं हाड आपटून पाहावं, म्हणजे हा अर्थ किती टिकतो ते कळेल. आता तीच हालचाल जवळून पाहू. कमरेशी ओढलेली मूठ, म्हणजे हिकिते, रिकामी नाही. तिच्यात हल्लेखोराचं मनगट आहे. खाली येणारा दुसरा हात त्याच्या ताणलेल्या कोपराच्या जरा वर दाबतो आणि तो पुढे वाकतो. एकही बोट न बदलता अडवणं नाहीसं झालं, झटापट दिसू लागली.

हे आजच्या कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. ओकिनावाचे कराटेगुरू आन्को इतोसु यांनी 1901 च्या सुमारास तिथल्या शाळांत कराटे नेलं आणि रांगेतल्या मुलांसाठी पिनानचे पाच काता बसवले. पण 1908 च्या पत्रात त्यांनीच बजावलं, की कराटे गुंडाशी अचानक गाठ पडली तर जीव वाचवण्यासाठी आहे आणि प्रत्येक तंत्र केव्हा, कसं वापरायचं हे समजून सराव करायला हवा. दुसरे ओकिनावी गुरू चोकी मोतोबु तर आयुष्यभर नाइहान्ची या काताला चिकटून राहिले. त्यांच्या 1926 च्या पुस्तकातली छायाचित्रं पाहावीत: दोघे अंगाला भिडलेले, मागचा हात कमरेवर नाही, तर पुढच्या हाताच्या कोपराजवळ, पकडायला आणि मारायला तयार. जपानमध्ये कराटे रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांच्या 1935 च्या ग्रंथात पाडण्याचे डावही आहेत. ते आज किती वर्गांत दिसतात?

या धाग्याला पुन्हा हात घातला तो पॅट्रिक मॅकार्थी आणि इयान अबरनेथी या आजच्या कराटे-शिक्षकांनी. मॅकार्थी उलट्या टोकाने निघतात: आधी माणसं प्रत्यक्षात हल्ला कसा करतात, म्हणजे ढकलणं, कॉलर धरणं, गळा आवळणं, याची यादी करायची आणि मग कातामध्ये उत्तर शोधायचं. अबरनेथी त्याच अर्थांचा सराव प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर करायला लावतात.

या पद्धतीवर आक्षेप येतो, की मूळ गुरूंना हेच अभिप्रेत होतं याचा पुरावा काय? हालचालींची सविस्तर किल्ली कुणी लिहून ठेवलेली नाही, हे खरंच. पण मग लांब पाऊल टाकून मारलेल्या त्या ठोशाचा पुरावा कुठे आहे? दोन्ही अर्थ तर्काचेच असतील, तर जोडीदाराने खरोखर जोर लावल्यावर जो टिकतो तो घ्यावा. आपल्याकडे शाळाशाळांतून मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात. त्या मुलींचं मनगट धरलं जाईल, केस ओढले जातील, भिंतीशी कोंडलं जाईल. पट्ट्याच्या परीक्षेत परीक्षकाने जोडीदाराला एवढंच सांगावं: धर, आणि सोडू नकोस. त्यानंतर विद्यार्थिनीच्या पिनानमधलं काय उरतं, त्यावर गुण द्यावेत.