पुढे चालणारा मित्र

पीटर मॅथिसनच्या ‘द स्नो लेपर्ड’ (१९७८) या पुस्तकाची ओळख साधारण अशी करून दिली जाते : बायको कर्करोगाने गेलेला एक अमेरिकन लेखक हिमबिबट्याच्या शोधात नेपाळमधल्या डोल्पो भागात जातो, बिबट्या काही दिसत नाही, पण दुसरं काहीतरी गवसतं. हे खोटं नाही. पुस्तकात झेन आहे, तिबेटी बौद्ध परंपरा आहे, गेलेल्या डेबोराच्या आठवणी आहेत. पण मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडतो ते यांतल्या कशासाठीच नाही. दोन मित्रांनी हिवाळ्याच्या तोंडावर केलेल्या पायपिटीचं हे पुस्तक आहे, आणि त्यातला खरा पेच त्या येणाऱ्या हिवाळ्याचाच आहे, असं मला वाटतं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा पेच चटकन जाणवत नाही. आपले ट्रेक रंगात येतात ते दसरा-दिवाळीनंतर. थंडी हा आपला मोसम. आपल्याला घाई असते ती ऊन तापायच्या आत, गडावरची टाकी आटायच्या आत जाऊन येण्याची. डोल्पोत हे सगळं उलटं आहे. तिथे थंडी म्हणजे बंद होणारं दार. खिंडींमध्ये बर्फ साचलं की आत असलेला माणूस आतच राहतो.

मग हे दोघं २८ सप्टेंबर १९७३ला, म्हणजे हिवाळा समोर दिसत असताना, पोखराहून का निघाले? उत्तर जॉर्ज शॅलरकडे आहे. शॅलर प्राणिशास्त्रज्ञ. मॅथिसनची आणि त्याची ओळख आफ्रिकेतली, शॅलर सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास करत होता तेव्हाची. आता त्याला भरल पाहायचे होते. भरल हा हिमालयातला करड्या-निळसर रंगाचा, रानमेंढीसारखा दिसणारा प्राणी. तो मेंढ्यांच्या जवळचा की बकऱ्यांच्या, हा प्रश्न सुटलेला नव्हता. त्याचं उत्तर मिळवायचं तर कळप माजावर येतात तेव्हा नर एकमेकांशी आणि माद्यांशी कसे वागतात, ते बघायला हवं. माजाचा काळ सुरू होतो नोव्हेंबरात. शे गोम्पाच्या परिसरात शिकार होत नसल्यामुळे तिथले भरल जवळून बघता येण्याची आशा होती. त्यामुळे जागा ठरलेली होती आणि वेळही. (भरल बकऱ्यांच्या जवळचा आहे, असा निष्कर्ष शॅलरने पुढे काढला.)

म्हणजे शॅलरला थंडी पडायला हवी आहे. तिच्यासाठीच तो चालतो आहे. मॅथिसनचं तसं नाही. त्याचा आठ वर्षांचा मुलगा घरी आहे. आई जाऊन दोन वर्षंही झालेली नाहीत, आणि बापाने नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत परत येण्याचा शब्द दिला आहे. एकाच वाटेवरून जाणाऱ्या दोघांना येणारा हिवाळा असा वेगवेगळा दिसतो. एकाला तिथे पोचायचं आहे, दुसऱ्याला त्याच्या आत निसटायचं आहे. पाऊस लांबला, हमाल मिळाले नाहीत, एखादा दिवस फुकट गेला की दोघंही अस्वस्थ होतात, पण कारणं निराळी असतात. रोजनिशीसारख्या तारीखवार नोंदींमुळे ही अस्वस्थता वाचकापर्यंत थेट पोचते. पान उलटताना आपणही दिवस मोजू लागतो.

त्यांची मैत्रीही या मोजणीत बसेल एवढीच आहे. शॅलर झपाझप पुढे निघून जातो, मॅथिसन आपल्या गतीने मागून येतो. दिवसचे दिवस फारसं बोलणं होत नाही. एक ध्यान करतो, दुसरा नोंदी घेतो. पण हाच काटेकोर शास्त्रज्ञ वाटेत हायकू रचतो आणि मित्राला वाचून दाखवतो. त्याच्या मायेचा पुरावा एवढाच, आणि तो मला पुरेसा वाटतो.

पुस्तकभर शॅलरचा उल्लेख ‘जीएस’ असा येतो. मराठी वाचकाला आद्याक्षरांची सवय आहे. पण जी.ए. किंवा पु.ल. म्हणताना आपण त्या माणसाला जवळ ओढत असतो. इथली आद्याक्षरं अंतर राखतात. यावरून लेखकावर आत्ममग्नतेचा आरोप करता येईल. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. सोबत चालणाऱ्याच्या मनात शिरायचं नाही, जेवढा दिसला तेवढाच लिहायचा. शॅलरने ‘स्टोन्स ऑफ सायलेन्स’ (१९८०) या स्वतःच्या पुस्तकात इतर अनेक प्रवासांबरोबर या प्रवासाबद्दलही लिहिलं. एकाच वाटेचे दोन हिशोब असावेत, हे मला बरं वाटतं.

पण हेच अंतर हमालांच्या बाबतीत मला पटत नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायांत धड बूट नाहीत. बर्फाच्या खिंडीपाशी ते पुढे यायला नाखूश होतात तेव्हा पुस्तकातला सूर वैतागाचा असतो. पण त्यांचं गणित अगदी साधं आहे. मोसमाची निवड त्यांनी केलेली नाही, कुणाला शब्द दिलेला नाही, भरलांच्या वंशावळीशी त्यांना देणंघेणं नाही. मजुरीसाठी ते किती थंडी सोसणार? मॅथिसन त्यांचे पाय बघतो, नोंदवतोही. त्या नोंदीवर थांबत मात्र नाही. थंडी सगळ्यांवर सारखीच पडते, पण सोसावी लागते ज्याच्या त्याच्या पादत्राणांप्रमाणे. पुस्तकातलं इतकं चिंतन या साध्या गोष्टीपाशी अडखळत नाही, हे मला त्यातलं मोठं उणेपण वाटतं.

दुसरी जागा टपालाची. शे गोम्पाला असताना घरची पत्रं येतात आणि मॅथिसन ती न फोडता ठेवून देतो. वाईट बातमी असली तरी इथून काही करता येणार नाही, आणि चांगली असली तर मन इथून उडून जाईल, असा त्याचा विचार. वर्तमानात राहण्याची ही साधना म्हणून अनेकांना भावेल. मला त्या पानावर दर वेळी तो आठ वर्षांचा मुलगा दिसतो. तरीही ही नोंद पुस्तकात ठेवल्याबद्दल मी लेखकाला मानतो. ती सहज गाळता आली असती.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर मॅथिसन परत फिरतो, शॅलर मागे राहतो. भरलांचा माज आत्ता कुठे रंगात येत असतो. कामाने एकत्र आणलेल्या मित्रांना हिवाळा वेगळं करतो, आणि निरोपाचं कुणी अवडंबर माजवत नाही. परतीच्या वाटेवर मॅथिसनच्या सोबतीला तुकतेन असतो : बाकीचे शेर्पा ज्याच्याकडे संशयाने बघतात असा, आणि पुस्तकातला सगळ्यात जिवंत माणूस. काठमांडूजवळ बौद्धनाथच्या स्तूपापाशी भेटायचं दोघं ठरवतात. मॅथिसन तिथे जातो. तुकतेन येत नाही.

पुस्तक इथे संपतं. बिबट्या दिसला नाही, याचा लेखकाने अर्थ लावला आहे, आणि तो बराच सुबक आहे. तुकतेन आला नाही, याचा अर्थ त्याला लावता आलेला नाही. त्याला कदाचित दुसरं काम मिळालं असेल, कदाचित यायचंच नसेल. मला पुस्तकातल्या सगळ्या ध्यानधारणेपेक्षा स्तूपापाशी रिकाम्या जागेकडे बघत उभा असलेला हा माणूस अधिक खरा वाटतो.