झोटेरो: फुकट आहे, पण मराठीला अडतं

संदर्भसूची शेवटच्या महिन्यात हाताने लिहायला बसणार असाल, तर आजच झोटेरो उतरवून घ्या. 2006 साली जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. मेंडेलीसारखं ते प्रकाशन कंपनीच्या मालकीचं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखाची नोंद तयार. तुमच्या संग्रहातला एखादा शोधनिबंध मागे घेतला गेला असेल, तर लाल पट्टी दाखवून सावधही करतं. मी तर एवढ्यासाठीच वापरेन!

पण मराठी ग्रंथ आले की गाडी अडते. जुन्या पुस्तकाच्या स्कॅन पीडीएफवरून त्याला काही कळत नाही, सगळं स्वतः टाइप करा. शिवाय अख्ख्या सूचीला एकच भाषा. इंग्रजी निवडलीत तर मराठी संपादकाच्या नावालाही 'संपा.' ऐवजी 'एड.' चिकटतं, आणि मार्गदर्शक नेमकं तिथेच बोट ठेवतात. ते शेवटी हातानेच बदलावं लागतं. म्हणून मराठी नोंदी पुस्तक हातात असतानाच भरा. ग्रंथालयात परत गेल्यावर आवृत्ती नि प्रकाशनवर्ष कुठे शोधत बसणार? आणि हो, ऑनलाइन फुकट जागा 300 एमबीच. जाडजूड स्कॅन आपल्याच संगणकावर ठेवा, नोंदी मात्र हव्या तेवढ्या करा.