शाई कोणाची?

‘कला आणि विज्ञान’ असा विषय दिला की वक्ता हमखास लिओनार्दोपासून सुरुवात करतो. मी तबल्यापासून करतो, कारण तो तुमच्या कानात आधीच आहे.

साध्या ताणलेल्या कातड्यावर, समजा डफावर, थाप मारली तर उपस्वरांचं मूळ स्वराशी प्रमाण १.५९, २.१४, २.३० असं वेडंवाकडं येतं. त्यामुळे डफ घुमतो, पण षड्जात नीट लागत नाही. तबला लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्या टिपणात आणि मग १९३४च्या सविस्तर निबंधात त्याचं कारण दिलं : मधली शाई. तिच्या वजनामुळे पुडीचे नऊ कंपनप्रकार पाच गटांत जुळून येतात आणि ते गट एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत चढत जातात. पुडीवर बारीक वाळू पसरून, तिच्या रेघा बघून त्यांनी हे दाखवलं. सुंदर काम आहे, प्रश्नच नाही.

माझी तक्रार आहे ती ही गोष्ट आपण कशी सांगतो याबद्दल. एकजण म्हणतो, विज्ञानाने तबल्याचं रहस्य उलगडलं. दुसरा म्हणतो (आणि टाळ्या यालाच जास्त पडतात), पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं. शाई भरणाऱ्या माणसाकडे मात्र दोघंही बघत नाहीत. पुडी बदलून घ्यायला गेला असाल तर आठवा. लोहचूर्ण आणि खळ यांचा पातळ थर, दगडाने घोटणं, वाजवून ऐकणं, मग पुढचा थर. कुठे थांबायचं ते कान सांगतो. बदल करा, तपासा, पुन्हा करा : प्रयोगशाळेत याला प्रयोग म्हणतात, दुकानात आपण ‘हातगुण’ म्हणून मोकळे होतो. त्याला नऊ कंपनप्रकार ठाऊक नव्हते, हे मान्यच आहे. पण ज्याला ते ठाऊक आहेत, त्याला तेवढ्यावर शाई भरता येईल का?

आणि डग्गा? त्याची शाई मधोमध नसतेच, एका बाजूला सरकलेली असते. त्या सरकलेल्या शाईचं गणित बी. एस. रामकृष्ण यांनी १९५७ मध्ये मांडलं. तोवर किती डग्गे भरून, वाजून, फुटूनही गेले असतील!